दुसऱ्या कुलपाची खूण

सावरवाडी, पो. खर्डी, ता. शहापूर
८ नोव्हेंबर २००६

चि. प्रणय यास आजीचे आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या रेश्माकाकीने ते ओटीवर बसून मोठ्याने वाचलं, आणि खळ्यात भात झोडणाऱ्या बायांनी हात थांबवून ऐकलं. मस्कतच्या कंपनीच्या कॉम्प्युटरात तुझं खातं आहे, ते कोणीतरी उघडलं आणि तुझ्या नावाने नोकरीला नकार कळवून टाकला, हे आता सगळ्या वाडीला ठाऊक आहे. ही गोष्ट गुप्त ठेव, असं तू चौथ्या ओळीत लिहिलं होतंस. ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

तू विचारतोस, माझं गुपित घरात कोणाला ठाऊक होतं. पासवर्ड विसरला तर कंपनी म्हणे प्रश्न घालते, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय? उत्तर बरोबर आलं की दार उघडतं. हे ऐकून मी इतकी हसले की रेश्माने तांब्या आणून दिला. अरे, तुझी आई मुरबाडकडून या घरात आली त्या दिवसापासून तिला कोणी नावाने हाक मारली नाही. धसईवाली म्हणतात. धसईचे हरड. आणि ते कमी पडलं तर तुझ्या मामाने लग्नात दिलेला तांब्याचा हंडा आहे. त्यावर "रघू चांगो हरड, धसई, यांजकडून" असं कोरलेलं आहे. सव्वीस वर्षं तो हंडा विहिरीवर जातो नि येतो. मला अक्षर येत नाही, पण हंडा घासताना ती अक्षरं बोटांना लागतात, चिंच तिथेच अडकते. तुझं गुपित मी रोज राखेने घासते. अजून किती लखलखीत करू?

इंग्रजीत हरड लिहायला अ किती घालायचे, एवढीच काय ती त्यात मेख. एकाने उघडत नाही, दोन घालावे लागतात म्हणे. बाकी उघडं दारच आहे ते.

आता नोकरी गेली म्हणून उपाशी राहू नकोस. तिकडे तीन वर्षं वाळूत काढायची, त्यापेक्षा पुण्याची थंडी बरी. फ्रीज दुरुस्त करायला मस्कतलाच जावं लागतं असं नाही, आपल्या खर्डीतही आता चार झाले.

रेश्माचा शेखर मजेत आहे. शहापूर स्टँडजवळच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरतो आणि माघातल्या आपल्या हळदीची वाट बघतो.

घरमालकाला नमस्कार सांग. दारच्या गुरांच्या पाठीवर माझा हात फिरव. पुण्यात दारी गुरं नसतात हे ठाऊक आहे, पण माझं पत्र कोणाच्याही दारी गेलं तरी हे सांगितल्याशिवाय संपत नाही.

तुझी आजी, भागीरथी
(आईंचा अंगठा. प्रणय, आई "नाय" म्हणतात, मी "नाही" लिहिते आणि वाचून दाखवताना "नाय" वाचते. त्यांना कळवू नकोस. – रेश्माकाकी)


पुणे
२१ नोव्हेंबर २००६

ती. आजीस सा. नमस्कार.

तू हसलीस ते ठीक. मला हसू येत नाही. चार वर्षं एका कंपनीत फ्रीजांत गॅस भरतोय, आणि ही पहिली जागा होती जिथे मला मेकॅनिक नाही, सुपरवायझर म्हणून घेत होते. मी तक्रार केली. कंपनीने एवढंच कळवलं की तुमचा नकार मिळाला आहे, चौकशी करू. तोवर माझ्या खात्याला दुसरं कुलूप लावलं आहे.

ते असं. पहिलं कुलूप पासवर्डचं. तो माझ्या डोक्यात. दुसरं कुलूप या पाकिटातल्या कार्डाचं. त्यावर पाच ओळी आणि पाच रकाने आहेत, प्रत्येक घरात दोन आकडे. खातं उघडताना कॉम्प्युटर तीन घरं विचारतो, दरवेळी वेगळी. नुसता पासवर्ड असून भागत नाही, नुसतं कार्ड असूनही भागत नाही. एक गोष्ट ठाऊक पाहिजे, एक जवळ पाहिजे. आणि दोन्ही एका जागी ठेवायच्या नाहीत.

मी चौघांत एका खोलीत राहतो. म्हणून कार्ड तुझ्याकडे पाठवतोय. तू ते कोणाला दाखवणार नाहीस आणि स्वतः वाचूही शकत नाहीस. याहून सुरक्षित जागा मला सुचली नाही.

आता दुसरं. हे काम शेखरचं आहे. त्याच्याशिवाय आपल्याकडे कॉम्प्युटर कोण चालवतो? दिवाळीत मी मस्कतचं बोललो तेव्हा तो गप्प बसला होता. सहा महिन्यांनी लहान, एका ताटात जेवलो, आणि माझं चांगलं झालेलं त्याला बघवलं नाही. त्याच्या हळदीला मी येणार नाही. हे त्याला सांगितलंस तरी चालेल.

तुझा, प्रणय


सावरवाडी
३ डिसेंबर २००६

चि. प्रणय यास आशीर्वाद.

पत्र दोन्ही अंगांनी लिहिलेलं मला दिसत होतं, पण रेश्माचं वाचन चहाला उकळी यायच्या आत संपलं. म्हणाली, बाकी काही नाही आई, थंडीचं लिहिलंय. मला अक्षर येत नाही, पण कागद किती काळा झालाय ते दिसतं. मी पत्र कमरेला खोचलं आणि अंगणवाडीतल्या सावळीबाईकडून वाचून घेतलं. शेखर चोर आहे असं तू लिहिलंस, आणि ते त्याच्या आईला वाचायला लावलंस. शहाणा आहेस. आत्ता हे लिहितानाही तिचं पेन कागदातून आरपार गेलं. ते भोक बघ, तुझ्यासाठी ठेवलंय.

कार्ड पोचलं. तू मला अडाणी म्हणून निवडलंस, त्याबद्दल आभार. पंचाहत्तर वर्षांत माझ्या अडाणीपणाचा कोणाला उपयोग झाला नव्हता. कार्ड बियाण्याच्या मडक्यात ठेवलंय, काकडीच्या बियांखाली, राखेत. पेरणीपर्यंत त्यात कोणी हात घालत नाही.

तुझ्या दोन कुलपांचं मला काही नवल वाटलं नाही. निराधारचा पगार घ्यायला शहापुरात जाते तेव्हा अंगठा देते, आणि ही तीच भागीरथी असं सांगणारा एक माणूस शेजारी उभा लागतो. नुसता अंगठा चालत नाही, नुसता माणूसही चालत नाही. तुमच्या कॉम्प्युटराला हे आत्ता सुचलं.

शेखरचं म्हणशील तर तो पोरगा तसा नाही. त्याची बोटं चालतात, पण बोलणं त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं. लग्नपत्रिकेचा मजकूरसुद्धा मामाने सांगितला तेव्हा उतरला. मस्कतच्या साहेबाला एवढं मोठं पत्र तो कुठून लिहील? आणि तुझं पत्र सावळीने वाचलं तेव्हा तो पायरीवर होता, सगळं ऐकत होता. उठून पाण्याला गेला. तोच हंडा घेऊन.

आणि एक विचारायचं राहिलं. नकाराच्या त्या पत्रात काय होतं, ते कंपनीने तुला कळवलं का? नीट पोचलं का सगळं? साहेब रागावला तर नाही ना? सहज विचारते.

जेवत जा. दारच्या गुरांच्या पाठीवर माझा हात फिरव.

तुझी आजी
(अंगठा. शेखरने काही केलं असेल तर आई म्हणून मी माफी मागते. केलं नसेल तर तू मागशील. – रेश्माकाकी)


पुणे
१८ डिसेंबर २००६

ती. आजीस सा. नमस्कार.

तू विचारलंस म्हणून सांगतो. कंपनीच्या साहेबांचा निरोप आला. त्यांचं नाव अच्युतन. नकाराचं पत्र त्यांनी मला जसंच्या तसं पाठवलं. ते इंग्रजीत आहे, मी मराठी करून लिहितो. रेश्माकाकी, हे सगळं वाच, मधलं काही गिळू नकोस.

"साहेबांस विनंती. प्रणय येणार नाही. पोरगा गुणी आहे पण त्याला ऊन बाधतं. तुमच्याकडे झाडं नाहीत असं कळतं. ज्याची घरी कोणी वाट बघत नाही असा एखादा बघून घ्यावा, असे पुष्कळ असतात. राग मानू नये. वेळेवर जेवत जावं. आपल्या दारच्या गुरांच्या पाठीवर आमचा हात फिरवावा."

अच्युतन साहेब केरळातले, पालघाटचे. त्यांनी लिहिलंय, "वीस वर्षं नोकरीचे होकार-नकार वाचतोय, पण माझ्या गुरांची विचारपूस आजवर कोणी केली नव्हती. घरी दोन गायी आहेत. मी आईला फोन करून त्यांच्या पाठीवर हात फिरवायला सांगितला. नंतर लक्षात आलं की तुमच्या अर्जात एक शब्दही जास्तीचा नाही. हे पत्र लिहिणारा माणूस तुम्ही नव्हे. म्हणून जागा अजून भरलेली नाही. १० जानेवारीपर्यंत खातं उघडून स्वतः होकार द्या."

नकारातली ती गुरांची ओळ मी पुन्हा वाचली. मग तुझं पहिलं पत्र काढलं. हरडमध्ये दोन अ आहेत, असं तू लिहिलंयस. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आजी, मला काही विचारायचं नाही. कार्ड तुझ्याकडे आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवलंस तर मी जाईन. नाही पाठवलंस तर इथेच राहीन, आणि खातं कोणी उघडलं हे पुन्हा तोंडातून काढणार नाही. शेखरला काय लिहू, ते मला कळत नाही.

तुझा, प्रणय


सावरवाडी
२८ डिसेंबर २००६

चि. प्रणय यास आशीर्वाद.

रेश्माने या वेळी सगळं वाचलं. गुरांच्या ओळीवर आली आणि पदर तोंडात धरला. मला वाटलं रडते. हसत होती. मग रडली. मग म्हणाली, आई, मीही एक सांगते, तुमचं "नाय" मी आजवर कधी लिहिलंच नाय. बघ, घरातच किती कुलपं फुटली होती. आता ती मी बोलते तसं लिहिते आहे, आणि हात दुखतो म्हणते.

तर ऐक. शेखरने बटणं दाबली. बोलणं माझं. दिवाळीनंतर मी त्याच्या दुकानात गेले, शेजारच्या खुर्चीवर बसले आणि सांगितलं, उघड. तो नाय म्हणाला. मी म्हटलं, मी तुझ्या बापाला जन्म दिला. यावर त्या पोराने काय बोलायचं? एकदा चुकलं, दुसऱ्यांदा उघडलं. मग मी सांगत गेले, तो इंग्रजी करत गेला. गुरांचं मात्र तो घालत नव्हता. म्हणाला, आजी, हापिसात गुरं नसतात. मी म्हटलं, साहेबाला घर असेल ना? मला काय माहीत, त्या ओळीवर माझा अंगठाच उमटलाय. आयुष्यात एकदा चोरी केली, ती सही करून केली.

कोणाला सांगू नको, अशी शपथ मी त्याला घातली होती. तू चोर म्हणालास, हळदीला येणार नाय म्हणालास, तरी त्याने ती पाळली. तुझ्या खात्याला असं कुलूप असतं तर मला उघडता आलं नसतं.

का केलं, ते विचारत नाय म्हणालास. तरी सांगते. तू सातवीत होतास तेव्हापासून माझी पत्रं लिहायचास. मी शिवी दिली की शिवी लिहायचास, मी थांबले की थांबायचास. तू पुण्याला गेलास आणि माझं बोलणं इस्तरी करून जाऊ लागलं. मस्कतला गेलास तर पत्राला किती दिवस लागतील, आणि मला किती आहेत, याचा हिशेब जुळेना. एवढंच. साहेबाला ऊन सांगितलं, कारण हे सांगायची लाज वाटली.

काल मडक्यात हात घातला. राखेत आकडे पुसले असतील तर सुटले, असं एकदा मनात आलं. पुसले नव्हते. चांगल्या मालाचं कार्ड आहे.

रजिस्टर पोस्टावर माझा भरवसा नाय. कार्ड घेऊन शेखर सहा तारखेला येतोय. त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून खिसा शिवून टाकलाय, टाका मीच घातलाय. तूच लिहिलंस ना, एक गोष्ट ठाऊक पाहिजे, एक जवळ पाहिजे? तुला ठाऊक आहे, त्याच्याजवळ आहे. आता दोघं एका बाकावर बसा, त्याशिवाय काय ते उघडायचं नाय. खिसा उसवायच्या आधी त्याला जेवू घाल. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा, ते मला पत्रात नको.

माघात हळद आहे. मग खुशाल जा.

दारच्या गुरांच्या पाठीवर माझा हात फिरव.

तुझी आजी
(अंगठा. तो पुण्याला पहिल्यांदाच येतोय, स्टँडवर उभा राहा. – रेश्माकाकी)


सावरवाडी
१९ मार्च २००७

चि. प्रणय यास मस्कत मुक्कामी आशीर्वाद.

तू पोचल्याचा फोन खर्डीच्या दुकानात आला, तो शेखरने घेतला, आणि घरी येईपर्यंत निम्मा विसरला. जेवणाचं बरं आहे आणि खोलीत थंडगार असतं, एवढं पोचलं. थंडगार असणारच, दुरुस्त करणारा घरातच आहे.

शेखरच्या हळदीचा रंग तुझ्या सदऱ्यावरून गेला नसेल. तो सदरा कामाला घालू नकोस, साहेब काय म्हणेल. तू गेल्यावर नवी सून दर्शना त्याला विचारत होती, तो भाऊ एवढा का रडत होता? शेखर म्हणाला, डोळ्यांत हळद गेली. पोरगा शपथ नसली तरी पाळतो.

आता कामाचं. माझी गुरांची ओळ फुटली. मस्कतला ठाऊक, पालघाटला ठाऊक, त्या दुकानातल्या कॉम्प्युटरलाही ठाऊक. उद्या कोणीही माझ्या नावाने पत्र लिहील, खाली गुरं घालील, आणि तू खरं मानशील. म्हणून खूण बदलली आहे. नवीन काय आहे, ते इथे सांगत नाय, कारण हे रेश्मा लिहिते आहे. ती आता चांगली लिहिते, पण ते वेगळं. पत्र ती लिहील, घडी ती घालील. पाकिटाला भाताची खळ लावायला मात्र मी एकटी बसणार आहे, ओटीच्या मागे, दार लावून. खूण आत असेल. नसेल तर समज की ती आजी दुसरी.

पत्र इथेच संपलं. पुढची ओळ शोधू नकोस.

तुझी आजी
(अंगठा. मला खोलीबाहेर काढलं आहे. – रेश्माकाकी)


मस्कत
६ एप्रिल २००७

ती. आजीस सा. नमस्कार.

खूण मिळाली. काय होती ते लिहीत नाही, कारण हे रेश्माकाकी वाचणार. काकी, रामराम.

अच्युतन साहेबांना भेटलो. गायी बऱ्या आहेत, असं त्यांच्या आईने तुला कळवलंय. एक व्याली. त्यांनी माझ्या खात्याला नवा गुपित प्रश्न घालायला सांगितला, आणि म्हणाले, या वेळी असं काही घाल जे तुझ्या मामाने कशावर कोरलेलं नसेल. घातलं आहे. उत्तर तुला ठाऊक आहे, पण तुला उघडता यायचं नाही. दुसरं कुलूप माझ्या उशाशी आहे.

इथे झाडं आहेत. थोडी आहेत, पाणी घालून वाढवलेली, पण आहेत. परवा रस्त्याच्या कडेला तीन उंट उभे होते. मी गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हर हसला. पहिल्याने मान फिरवली, दुसऱ्याने पाठीवर हात फिरवू दिला.

मीही या पाकिटात माझी खूण घातली आहे. पाकीट काकीच्या हाती देण्याआधी तू स्वतः उघड, असं लिहिणार होतो. मग लक्षात आलं, काकी हे वाक्य वाचून दाखवेल तेव्हा पाकीट उघडलेलंच असेल. तेव्हा काकी, इथे थांब. आतून जे खाली पडलं असेल ते न बघता आजीच्या हातात दे आणि चहा ठेवायला जा.

ते तिला वाचावं लागत नाही.

तुझा, प्रणय